एटीएच भरलेलं एचएफएफआर केबल कंपाउंड: पोतं उघडण्यापासून लॅबच्या नमुन्यापर्यंत

पीव्हीसीतून एचएफएफआरकडे, म्हणजे हॅलोजनमुक्त (क्लोरीनसारखी मूलद्रव्यं नसलेल्या) ज्वालारोधक मालाकडे, वळलेल्या छोट्या कंपाउंडिंग युनिटांतून पावसाळा लागला की हमखास एक तक्रार येते: "दाण्यांना भोकं पडतायत, एटीएच दुसऱ्याकडून घेऊ का?" (एटीएच म्हणजे मालातली आग रोखणारी खनिज पावडर.) घेतात. पुढच्या लॉटलाही भोकं पडतात. मग कपलिंग एजंट (पावडर आणि पॉलिमर यांना जोडणारा घटक) बदलतात, मग ईव्हीए या पॉलिमरची ग्रेड. महिन्याभराने फॉर्म्युल्यात इतके हात फिरलेले असतात की मुळात काय बिघडलं होतं ते कोणालाच सांगता येत नाही.

फॉर्म्युला बहुतेक वेळा बरा असतो. घोळ होतो तो ओल, उष्णता आणि माल टाकण्याचा क्रम या तीन जागी. म्हणून हा लेख त्याच तीन गोष्टींवर आहे. उदाहरण एकच धरलं आहे: केबलच्या बाहेरच्या शीथसाठीचं (आवरणासाठीचं) ईव्हीए-एलएलडीपीई कंपाउंड, ५५ लिटरच्या डिस्पर्शन नीडरवर (माल दाबून मळणाऱ्या मशीनवर) केलेलं आणि सिंगल स्क्रू एक्स्ट्रूडरवर दाणे पाडलेलं. ट्विन स्क्रू असलेल्यांसाठी मध्ये एक परिच्छेद आहे.

सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. एटीएच, म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, याच्या वजनाचा ३४.६ टक्के भाग हे बांधलेलं पाणी असतं. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते सुटायला लागतं. सुटताना उष्णता शोषतं, वाफ आगीतले ज्वलनशील वायू पातळ करते आणि मागे उरलेल्या ॲल्युमिनाचा थर बसतो. ज्वालारोधन म्हणतात ते एवढंच. आगीत सुटायचं हे पाणी तुमच्या बॅरलमध्येच सुटलं, तर ग्राहकाला भोकं पडलेला माल मिळतो, आणि आग विझवायचं त्यातलं काम आधीच थोडं खर्च झालेलं असतं.

१. खनिज निवडा ते तुमच्या तापमानावरून

किंमत बघून खनिज निवडू नका. तुमचा वितळलेला माल प्रत्यक्षात किती तापतो, हा पहिला प्रश्न.

ईव्हीए, एलडीपीई, एलएलडीपीईचं काम १७०-१८० अंशांत उरकता येतं, म्हणून तिथे एटीएच चालतं. पॉलिप्रॉपिलीन २०० ते २२० वर चालवायचं असेल तर एटीएच विसरा. तिथे एमडीएच, म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घ्या. त्यात पाणी ३१ टक्के असतं आणि ते ३०० अंशांच्या पुढे सुटतं. नायलॉन ६ मध्येही एमडीएचच.

एमडीएच वरच्या तापमानाला टिकतं म्हणून सगळीकडे तेच वापरणारेही भेटतात. दोन ठिकाणी ते अंगाशी येतं. पीबीटी, पीईटी किंवा पॉलिकार्बोनेटमध्ये टाकलं तर त्याच्या अल्कधर्मी स्वभावाने पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. आणि दमट हवेत, कार्बन डायऑक्साइडच्या सान्निध्यात, एमडीएच भरलेल्या केबलवर काही महिन्यांनी पांढुरका थर येऊ शकतो. तो मॅग्नेशियमचा कार्बोनेट असतो. आगीच्या चाचणीत त्याने फारसं बिघडत नाही, पण काळ्या शीथवर पांढरे डाग दिसले की ग्राहक रील परत पाठवतो.

एटीएचमध्येही दळलेली आणि अवक्षेपित अशा दोन जाती आहेत. शीथ-इन्सुलेशनसाठी अवक्षेपित घ्या: सरासरी कण १ ते २ मायक्रॉन, पृष्ठफळ ग्रॅमला ३ ते ५ चौरस मीटर. दळलेलं, ५ ते २० मायक्रॉनचं एटीएच स्वस्त पडतं आणि आतल्या बेडिंगला (शीथखालच्या थराला) पुरतं. शीथमध्ये घातलं तर इलाँगेशन (तुटण्याआधी ताणलं जाण्याची क्षमता) हातचं जातं.

तपासा: सप्लायरच्या पत्रकात विद्राव्य सोडा किती आहे ते बघा. इन्सुलेशनसाठी माल करणार असाल तर हा आकडा कणाच्या आकाराइतकाच महत्त्वाचा आहे. सोडा जास्त असला की केबल पाण्यात ठेवल्यावर पाणी शोषते आणि इन्सुलेशन रेझिस्टन्स घसरतो.

२. आधी कागदावर बॅच बांधा

उदाहरणाचा फॉर्म्युला, पॉलिमरचे १०० भाग धरून:

- ईव्हीए, व्हायनिल ॲसिटेट २८ टक्के: ७० भाग
- एलएलडीपीई: २० भाग
- मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं एलएलडीपीई, म्हणजे कपलिंग एजंट: १० भाग
- एटीएच: १६० भाग
- अँटिऑक्सिडंट: १ भाग
- लुब्रिकंट: २ भाग

एकूण २६३ भाग. त्यात एटीएच १६०, म्हणजे वजनाने जेमतेम ६१ टक्के. आकारमानाने मात्र ते ३८ टक्क्यांच्या आसपास येतं, कारण एटीएचची घनता २.४२ आहे आणि पॉलिमरची ०.९४ च्या जवळपास. कंपाउंडची हिशेबातली घनता येते १.५०. हा आकडा मशीनजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, सातव्या टप्प्यात तो लागणार आहे.

एटीएच १६० वरून ११० वर आणून "थोडी आग सोसेल ना?" असं विचारणारे असतात. सोसत नाही. खनिज ज्वालारोधकाचा गुण सरळ रेषेत वाढत नाही. निम्म्याहून कमी वजनाच्या भरणीत ऑक्सिजन इंडेक्स (माल जळत राहायला किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो तो आकडा) जेमतेम हलतो, आणि खरी चढण ५५ टक्क्यांच्या पुढे लागते.

आता बॅचचं वजन. नीडरची क्षमता लिटरमध्ये असते, पण पीव्हीसीची किंवा रबराची सवय असलेला ऑपरेटर ती किलोतच मोजतो. कामाचं आकारमान गुणिले घनता: ५५ गुणिले १.५०, म्हणजे ८२ किलो. २५ किलोची दोन पोती एटीएच घेतलीत की पॉलिमर ३१.२५ किलो बसतं: ईव्हीए २१.८८, एलएलडीपीई ६.२५, कपलिंग एजंट ३.१२. अँटिऑक्सिडंट ३१० ग्रॅम, लुब्रिकंट ६२५ ग्रॅम. एकूण ८२.२ किलो. दोन पोत्यांचा हिशेब असा मुद्दाम जुळवून घ्या. अर्धवट उघडं पोतं शिफ्टच्या शेवटी कोपऱ्यात पडून राहिलं की पुढच्या टप्प्यातली ओलीची कटकट तिथूनच सुरू होते.

सावधान: लुब्रिकंट म्हणून स्टिअरिक ॲसिड टाकत असाल तर थांबा. एटीएचच्या पृष्ठभागावर कपलिंग एजंटने चिकटायचं असतं. स्टिअरिक ॲसिडचा रेणू लहान आणि चपळ, तो आधी जाऊन जागा अडवतो. मग माल मऊ, छान वाहणारा होतो, इलाँगेशनही चांगलं दिसतं, आणि टेन्साइल (ताण सोसण्याची ताकद) मात्र पार खाली येतं. मेण किंवा सिलिकॉनवर आधारलेला लुब्रिकंट घ्या आणि तोही शेवटी टाका. सिलिकॉन असेल तर राखेच्या हिशेबात त्याची थोडी भर धरा.

३. पोती उघडण्यापूर्वी: ओल आणि रंग

पालघर, वसई, दमणच्या पट्ट्यात जुलैमध्ये गोदामाची भिंतसुद्धा घामेजलेली असते. एटीएचची पावडर इतकी बारीक की उघडं पोतं रात्रभरात हवेतली ओल धरतं.

ओल किती महाग पडते ते आकड्यात बघा. एटीएचमध्ये ०.३ टक्के ओल असेल तर ५० किलोमध्ये १५० ग्रॅम पाणी आलं. १६० अंशांना त्या १५० ग्रॅमची वाफ जवळपास ३०० लिटर होते, आणि तुमच्या नीडरचं कामाचं आकारमान आहे ५५ लिटर. नीडरमधून बरीचशी वाफ निघून जाते, सगळी जात नाही. १ टक्का ओल असेल तर हाच आकडा हजार लिटरच्या घरात जातो.

म्हणून रोज सकाळी, पहिली बॅच चढवण्याआधी:

- प्रत्येक लॉटमधून १० ग्रॅम पावडर पोत्याच्या मध्यातून घ्या. वरून घेऊ नका.
- १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, वजन करा.
- घट ०.३ टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. जास्त असेल तर तो लॉट १०५ ते ११० अंशांना ट्रेमध्ये पातळ पसरून वाळवा.

वाळवायला जास्त तापमान लावून वेळ वाचवू नका. एका युनिटमध्ये घाई म्हणून ओव्हन २०० वर ठेवलेला मी पाहिला आहे. पावडर कोरडी ठणठणीत झाली, त्यातलं कामाचं पाणी निघायला लागलं होतं, आणि त्या लॉटची आगीची चाचणी का हुकली याचा शोध पुढे दोन आठवडे चालला.

पोत्यांचं वजनही काट्यावर घ्या. पोत्यावर २५ छापलेलं आहे म्हणून २५ धरायचं नाही.

आता रंगाचं. हे फार कमी जण बघतात, म्हणून जरा थांबून सांगतो. माल हॅलोजनमुक्त हवा, पण रंगाच्या मास्टरबॅचमध्ये (रंग दाट भरलेल्या दाण्यांत) हॅलोजन लपलेलं असू शकतं. सगळ्यात मोठा गुन्हेगार हिरवा. पिगमेंट ग्रीन ७ हे क्लोरीन जोडलेलं कॉपर थॅलोसायनिन असतं आणि त्याच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग क्लोरीनच असतो. अर्धा टक्का पिगमेंट पडलं की मालात पाव टक्क्याजवळ क्लोरीन आलं. अर्थिंगच्या हिरव्या-पिवळ्या वायरीत दुसरा धोका पिवळ्याचा: पिगमेंट यलो ८३ सारख्या डायअरिलाइड पिवळ्यांतही क्लोरीन असतं. मास्टरबॅचवाल्याकडून "हॅलोजनमुक्त" एवढ्या तोंडी शब्दावर माल घेऊ नका, पिगमेंटचा क्रमांक लेखी मागा. हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड किंवा ग्रीन-शेडचा (हिरवट छटेचा) निळा आणि हॅलोजन नसलेला पिवळा यांचं मिश्रण चालतं. छटा थोडी मळकट येते. ग्राहकाला ती आधीच दाखवून सही घ्या.

४. मशीन धुणं

आदल्या दिवशी त्याच मशीनवर पीव्हीसी चाललं असेल तर हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा.

पीव्हीसीत वजनाने ५७ टक्के क्लोरीन असतं. एचएफएफआरमध्ये १ टक्का पीव्हीसी मिसळलं तर हायड्रोजन क्लोराइडचा हिशेब ०.५८ टक्क्यांवर जातो. आयईसी ६०७५४-१ या मानकाच्या चाचणीत मर्यादा ०.५ टक्का धरतात. म्हणजे ८२ किलोच्या बॅचमध्ये ८०० ग्रॅम पीव्हीसी पुरे. नीडरच्या रोटरच्या मागे, रॅमच्या (माल वरून दाबणाऱ्या दट्ट्याच्या) कडेला आणि फोर्स फीडरच्या घशात एवढा माल सहज चिकटलेला असतो.

क्रम असा ठेवा. आधी हाताने खरवडा, पितळी पट्टीने. मग वितळताना घट्ट राहणाऱ्या एलडीपीईच्या दोन पर्ज (मशीन धुण्याच्या) बॅच फिरवा. मग एचएफएफआरची एक पूर्ण बॅच, जी विकायची नाही. ती बाजूला ठेवून पुढच्या पर्जला वापरा. हॉपर, वजनाचे डबे, फावडी, चाळणी हे सगळं वेगळं ठेवा आणि त्याला वेगळा रंग द्या. सामायिक फावड्याने भल्याभल्यांचा लॉट घालवला आहे.

तपासा, बाइलश्टाइनची युक्ती: तांब्याची जाड तार गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा, ज्योतीला रंग येणं थांबेपर्यंत. गरम तारेला कंपाउंडचा दाणा लावा आणि पुन्हा ज्योतीत धरा. गडद हिरवी ज्योत दिसली तर हॅलोजन आहे. फ्यूम हूडखालीच करा. फॉर्म्युल्यात झिंक बोरेट असेल तर बोरॉनमुळेही हिरवट छटा येते, तेव्हा फसू नका. ही चाचणी अतिशय संवेदनशील आहे, त्यामुळे ती चेतावणीची घंटा म्हणून वापरा. प्रमाणपत्राची जागा ती घेत नाही.

५. नीडर: कोण आधी, कोण नंतर

चुकांचा खरा कारखाना इथे आहे.

५० किलो एटीएच सुटं, न दाबलेलं असताना लिटरला साधारण ४०० ग्रॅम भरतं. म्हणजे १२५ लिटरचा ढीग, ५५ लिटरच्या जागेत. ते एकदम ओतायचं म्हटलं की रॅम बसत नाही, पावडर वर उडते, डस्ट कलेक्टर तिला ओढून घेतो, आणि तुमच्या १६० भागांतले किती आत राहिले ते देवाला माहीत.

(१) चेंबर ९० ते १०० अंशांना तापवून ठेवा. ईव्हीए, एलएलडीपीई, कपलिंग एजंट आणि अँटिऑक्सिडंट एकत्र टाका. रॅम खाली. माल एकजीव होऊन ११५ ते १२० अंशांवर येऊ द्या. अँटिऑक्सिडंट आता टाकायचं कारण असं की पुढे पावडर घासली जाते तेव्हा सगळ्यांत जास्त ताप पॉलिमरला सोसावा लागतो.

(२) एटीएचचा पहिला तिसरा हिस्सा. रॅम हलक्या दाबाने. पावडर पूर्ण ओली होईपर्यंत, म्हणजे अँपियरचा काटा चढून पुन्हा खाली स्थिर होईपर्यंत थांबा. घड्याळावर जाऊ नका, काट्यावर जा.

(३) दुसरा हिस्सा, तसाच. मग रॅम वर उचला, कडेची पावडर ब्रशने आत लोटा आणि वाफ जाऊ द्या. रॅम उचलल्यावर भसकन पांढरी वाफ येते, ती दिसली पाहिजे.

(४) तिसरा हिस्सा. रॅमचा दाब वाढवा. माल १४० च्या पुढे जाईल. आता चेंबरचं थंड पाणी चालू करा, कारण इथून पुढे घर्षणाने माल आपोआप तापतो.

(५) १५५ वर पोचल्यावर दोन ते तीन मिनिटं १५५ ते १६५ च्या दरम्यान धरून ठेवा. एकदा रॅम वर-खाली करा. लुब्रिकंट टाका, आणखी एक मिनिट, आणि डंप, म्हणजे माल बाहेर.

पाचव्या पायरीत दोन्ही बाजूंनी चुका होतात. १३५ वर माल दिसायला एकजीव दिसतो, म्हणून ऑपरेटर डंप करतो. पण कपलिंग एजंटला एटीएचवर बसायला उष्णता आणि वेळ लागतो, आणि तो मिळालेला नसतो. असा माल घडी घातली की पांढरा पडतो, कारण कणांभोवतीची पकड सुटते. उलट बाजूला, शिफ्ट बदलताना बॅच चेंबरमध्ये तशीच फिरत राहते आणि १८५ वर जाते. तिला उकळत्या भाताचा आवाज येतो. तो आवाज ऐकला की बॅच बाजूला काढा, दुसऱ्या बॅचमध्ये मिसळून खपवू नका.

सावधान: पॅनेलवरचं तापमान चेंबरच्या भिंतीचं असतं, मालाचं नाही. डंप झालेल्या लगद्यात सुई प्रोब खुपसून मोजा. फरक १५ ते २० अंशांचा असू शकतो. प्रत्येक बॅचचा हा आकडा वहीत लिहा. बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल, हा लिहा.

ट्विन स्क्रूवाल्यांसाठी: क्रम तोच, फक्त वेळेऐवजी जागेत मांडलेला. मुख्य हॉपरमधून पॉलिमर, कपलिंग एजंट, अँटिऑक्सिडंट आणि एटीएचचा एखादा हिस्सा. बाकीचं एटीएच एक किंवा दोन साइड फीडरमधून, माल वितळल्यानंतर. साइड फीडरच्या मागे वातावरणाला उघडं व्हेंट हवंच, कारण पावडरबरोबर आत गेलेली हवा बाहेर पडायला वाट मागते. डायच्या आधी व्हॅक्यूम. साइड फीडरमधून पावडर उलटी येत असेल तर फीडर दोषी धरण्याआधी ते व्हेंट तुंबलंय का ते बघा.

६. दाणे पाडणं

लगदा गरम असतानाच फोर्स फीडरमधून सिंगल स्क्रूवर जाऊ द्या. मध्ये जाळी बारीक लावू नका: ४० मेशच्या पुढे गेलात की दाब वाढतो आणि माल घर्षणाने तापतो. हॉट फेस कटिंग करा आणि दाणे हवेने थंड करा. स्ट्रँड पाण्याच्या टाकीतून ओढायची सवय पॉलिथीनची आहे. एवढं खनिज भरलेला माल पाण्यात बुडवलात तर ती ओल पुन्हा वाळवत बसावी लागते.

दाणे ४० अंशांच्या खाली आल्यावरच पोत्यात भरा. ईव्हीए गरम असताना गठ्ठे होतात. ॲल्युमिनियम फॉइलचं अस्तर असलेली पोती वापरा आणि तोंड हीट सील करा. सुतळीने बांधलेलं तोंड पावसाळ्यात उघड्यासारखंच.

७. लॉट सोडण्याआधी: घनता आणि राख, दोन्ही

या दोन चाचण्या एकत्र वाचल्या तर खूप काही बोलतात. एकेकट्या वाचल्या तर फसवतात.

घनता: दहा दाणे हवेत आणि पाण्यात तोलून काढा. हिशेबात १.५० आहे. एटीएचचे १६० ऐवजी १५० भाग गेले तर ती १.४७ ते १.४८ वर येते. चांगल्या काट्यावर हा फरक सहज दिसतो.

राख: क्रूसिबलमध्ये २ ते ३ ग्रॅम दाणे घ्या, हूडखाली आधी हळू जाळा आणि धूर संपला की मफल फर्नेसमध्ये १००० अंशांना तासभर ठेवा. डेसिकेटरमध्येच थंड करा, कारण उरलेला ॲल्युमिना हवेतली ओल पटकन घेतो. आपल्या फॉर्म्युल्यात राख ३९.८ टक्के यायला हवी. १५० भागांना ती ३८.८ येते. मास्टरबॅचमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर त्याची भर वेगळी धरा.

आता जोडी लावून वाचा. दोन्ही आकडे बरोबर: लॉट सोडा. दोन्ही कमी: पावडर कमी पडली, म्हणजे पोत्यांचं वजन किंवा डस्ट कलेक्टर तपासा. राख बरोबर आणि घनता कमी: माल सच्छिद्र आहे. ओल होती किंवा एटीएच फुटायला लागलं. वहीतलं डंप तापमान बघा. ते १६५ च्या आत असेल तर ओल, १८० च्या पुढे असेल तर ताप. सप्लायर बदलण्याचा विषय याच्या नंतर येतो.

शीट दाबून टेन्साइल आणि इलाँगेशनही काढा. आयईसी ६०५०२-१ मधल्या एसटी-८ शीथसाठी किमान ९ मेगापास्कल आणि १२५ टक्के लागतात. आपल्या दाण्यांना जेमतेम १२५ मिळत असेल तर केबलवर ते टिकणार नाही. हातात १६० तरी ठेवा.

८. केबल लाइनवर

हा टप्पा बऱ्याचदा तुमच्या हातात नसतो, ग्राहकाच्या हातात असतो. तरी दोष तुमच्याच मालावर येतो, म्हणून त्याला लेखी सूचना द्या.

- चालवण्याआधी दाणे ६० ते ६५ अंशांना चार तास वाळवा. ७० च्या पुढे नको, गठ्ठे होतात.
- स्क्रूचं कॉम्प्रेशन प्रमाण १.२ ते १.५. पॉलिथीनचा अडीच-तीनचा स्क्रू लावला तर हीटर बंद करूनही माल तापत राहतो.
- झोन १३० पासून चढत १६० पर्यंत, हेड १६०-१६५. वितळलेल्या मालाचं तापमान १८० च्या आत.
- बारीक जाळ्यांचा पॅक काढा. एक जाड जाळी बस.

सावधान: लाइन थांबली, वायर तुटली, जेवणाची सुट्टी झाली, तर बॅरलमध्ये हा माल सोडून जाऊ नका. दहा-पंधरा मिनिटांच्या वर थांबायचं असेल तर एलडीपीईने पर्ज करा आणि हीट खाली आणा. पर्जला पीव्हीसी वापरू नका. सांगायला विचित्र वाटतं, पण असं झालेलं पाहिलं आहे.

डायच्या तोंडावर पांढुरकी दाढी जमते. थोडीशी जमणं नेहमीचं. पण दर अर्ध्या तासाला पुसावी लागत असेल तर लुब्रिकंटपेक्षा आधी ओलीकडे बघा.

९. केबल लॅबला पाठवताना

भारतात ११०० व्होल्टपर्यंतच्या हॅलोजनमुक्त केबलींसाठी आयएस १७०४८ आहे. ग्राहकाने नेमकं कोणतं मानक मागितलंय ते ऑर्डरवरून वाचा, आणि कंपाउंडची चाचणी व केबलची चाचणी यांची गल्लत करू नका.

ऑक्सिजन इंडेक्स ही कंपाउंडच्या पट्टीची चाचणी. आपल्या भरणीला तो ३५ च्या आसपास येतो. पण ३५ आला म्हणून आयईसी ६०३३२-३ ची शिडीवर गठ्ठ्याने लावलेल्या केबलींची चाचणी पास होईलच असं नाही. तिथे शीथची जाडी, आतलं बेडिंग, फिलर आणि केबलमध्ये एकूण किती पॉलिमर आहे हे सगळं बोलतं. शीथ उत्तम, आणि आतलं बेडिंग साध्या पॉलिथीनचं असेल तर ज्वाला आतून चढते.

धूर आयईसी ६१०३४ ने मोजतात. प्रकाशाचं पारगमन किमान ६० टक्के लागतं. आम्ल वायूसाठी आयईसी ६०७५४-२: पीएच किमान ४.३ आणि वाहकता मिलिमीटरला जास्तीत जास्त १० मायक्रोसीमेन्स. पीएचमध्ये हुकलात तर पहिल्यांदा रंगाचं मास्टरबॅच आणि पर्जची नोंद बघा, फॉर्म्युल्याकडे नंतर या.

घरगुती उपकरणांच्या भागांसाठी माल करत असाल आणि यूएल ९४ व्ही-० (पट्टी पेटवून बघायच्या चाचणीतला दर्जा) मागितलं असेल तर कोणत्या जाडीला हवं ते आधी विचारा. ३.२ मिलिमीटरला पास झालेला माल १.६ ला सहज नापास होतो. पाच पट्ट्यांचे दोन संच लागतात: एक २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवलेला, दुसरा ७० अंशांना १६८ तास. दुसरा संच राहून जातो, आणि रिपोर्ट आठवडाभर अडकतो. ज्योत विझल्यानंतर पट्टी बराच वेळ लाल निखाऱ्यासारखी धुमसत असेल तर एटीएचमधले काही भाग काढून तेवढं झिंक बोरेट घालून बघा, आणि राखेचा हिशेब नव्याने मांडा.

नमुने पाठवताना त्याच बॅचमधले दोन किलो दाणे फॉइलच्या पिशवीत सील करून स्वतःकडे ठेवा. पिशवीवर बॅच क्रमांक, एटीएचचा लॉट, त्या सकाळची ओलीची टक्केवारी आणि डंपचं तापमान लिहा. तीन महिन्यांनी फोन आला की ती पिशवी टेबलावर ठेवूनच बोलायला बसा.